ओल्या लॉनवर अनवाणी

पहिला डाग तळहाताएवढा होता आणि तो आधी जावयाला दिसला. सगळं बिनसलं ते इथूनच. हेडमाळ्याच्या नजरेला तो आधी पडला असता, तर त्याने तो गुपचूप खरवडून काढला असता, वर दोन मुठी माती पसरली असती आणि या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. पण एकतीस वर्षं जो माणूस छातीवर हात मारून सांगत आला, की या लॉनची काडी न काडी मला ओळखते, त्याला त्याच लॉनचं दुखणं घरात राहणाऱ्या जावयाने दाखवावं, हे पचायला जड होतं. ते त्याला शेवटपर्यंत पचलं नाही.

इमारतीपुढचं ते लॉन म्हणजे क्लबचा चेहरा. आत कॅरमच्या खोलीचं छत गळत होतं, पोहण्याच्या तलावाच्या फरशा निघाल्या होत्या, पण फाटकातून आत येणारा माणूस आधी लॉन बघायचा आणि बाकीचं सगळं माफ करून टाकायचा. ते हेडमाळ्यानेच लावलं होतं, त्यानेच वाढवलं होतं. त्याची एक पद्धत होती. रोज संध्याकाळी पाणी मारून झालं, की चपला व्हरांड्याच्या पायरीशी काढायच्या आणि अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, वळायचं, दोन हात जागा सोडून परत यायचं. रोज त्याच रेषा, त्याच वळणावर वळणं. कुठे माती दबली आहे, कुठे मुळं सैल झालीत, कुठे खाली पाणी साचलंय, हे तो तळपायांनी ओळखायचा. सभासद खुर्च्यांवर बसून चहा पिता पिता ते कौतुकाने बघायचे, आणि नव्या सभासदाला दाखवायचे. क्लबच्या एका वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर त्याच्या पायांचा फोटो छापला होता. चेहऱ्याचा नव्हे, पायांचा. तो अंक त्याने ट्रंकेत जपून ठेवला होता आणि आल्यागेल्याला काढून दाखवायचा.

जावई होता डिप्लोमावाला. बागकामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेला. दीड वर्षापूर्वी क्लबने त्याला दुसरा माळी म्हणून घेतलं. हेडमाळ्याच्या एकुलत्या एक मुलीशी, बबीशी त्याचं लग्न झालं आणि तो क्लबच्या मागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सासऱ्याच्याच घरात राहायला आला. बबीची आई ती लहान असतानाच गेली होती. बबी क्लबच्याच कपडेखोलीत टॉवेल आणि चादरी धुऊन घड्या घालायचं काम करायची आणि बापाला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. हेडमाळ्याला जावई नापसंत होता असं कुणी म्हणू शकलं नसतं. पोरगा निर्व्यसनी होता, आवाज चढवून बोलत नव्हता, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून कामाला लागत होता. खोट काढायला जागाच ठेवत नव्हता, आणि हेडमाळ्याचा राग नेमका याच गोष्टीवर होता. तोंडावर तो त्याला ‘जावईबापू’ म्हणायचा, पाठीमागे ‘डिप्लोमा’.

त्या सकाळी डिप्लोमा गुडघ्यांवर बसून गवतात नाक खुपसून होता.

“मामा, हे बघा जरा,” तो म्हणाला. “पांढरं जाळं दिसतंय? ऊन वर आलं की दिसायचं नाही. बुरशी आहे.”

हेडमाळी वाकलासुद्धा नाही. “कोळ्याचं जाळं आहे ते.”

“पण कोळी कुठे दिसत नाही.”

“तुम्हाला बघून पळाला असेल, जावईबापू. डिप्लोमा झालेला माणूस समोर आला तर कोण थांबेल?”

जावयाने खिशातून वही काढली आणि काहीतरी टिपून घेतलं. ही वही हेडमाळ्याच्या डोळ्यांत सलायची. लॉन काय वहीत मावतं, असं तो बबीला रोज ऐकवायचा. पण चार दिवसांत डागांची संख्या अकरावर गेली. आधी गवत तेलकट काळपट दिसायचं, मग गव्हाच्या काडासारखं पिवळं पडायचं आणि हात लावला की मुळापासून सुटून यायचं. आता ते व्हरांड्यातल्या खुर्च्यांवरूनही दिसायला लागलं.

क्लबचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते. दवाखाना मुलाच्या हाती देऊन मोकळे झाले होते, पण सवय सुटली नव्हती. समोरचा बोलायला लागला की त्यांचं लक्ष शब्दांवर नसायचं, दाढांवर असायचं. ते छत्री घेऊन लॉनवर आले आणि छत्रीचं टोक त्यांनी एका डागात खुपसलं.

“कीड लागलीय,” ते म्हणाले. “किती खोल गेलीय?”

“कीड नाही साहेब,” हेडमाळी म्हणाला. “औषधाने जळलंय. आमच्या जावईबापूंनी मागच्या महिन्यात तण मारायला फवारा मारला होता. मी नको म्हणत होतो.”

“तो फवारा रस्त्याकडेला मारला होता, इथे नाही,” जावई शांतपणे म्हणाला. “साहेब, ही बुरशी आहे. आपण पाणी संध्याकाळी देतो, त्यामुळे गवत रात्रभर ओलं राहतं. समारंभासाठी हिरवा रंग यावा म्हणून युरिया जास्त पडलाय, गवत वरून माजलंय. खाली वाळक्या गवताचा थर साचलाय, मातीला हवाच नाही. बुरशीला याहून काय पाहिजे?”

हेडमाळ्याच्या कानशिलांत रक्त चढलं. संध्याकाळी पाणी देणारा तो. युरिया टाकणारा तो. आणि हे सगळं चारचौघांत, त्याच्याच लॉनवर उभं राहून, त्याच्या घरात जेवणाऱ्या पोराने सांगावं.

“एकतीस वर्षं संध्याकाळीच पाणी देतोय,” तो म्हणाला. “तेव्हा बुरशी कुठे होती?”

“एकतीस वर्षं दात न घासता ठणठणीत असलेली माणसंही मी पाहिलीत,” सेक्रेटरी म्हणाले. “बत्तिसाव्या वर्षी माझ्याकडे यायची.” मग त्यांनी दोघांना आपल्या खोलीत नेलं. तिथे टेबलाखाली पाय ठेवायला हिरव्या प्लास्टिकच्या गवताचा एक चौकोनी तुकडा अंथरला होता. विकणाऱ्याने नमुना म्हणून दिलेला. “सहा आठवड्यांनी क्लबला पन्नास वर्षं होतायत. समारंभ लॉनवरच आहे. हे बघा, याला कीडही लागत नाही आणि बुरशीही. कवळीसारखं आहे. एकदा बसवलं की कटकट मिटली.”

“आणि माळी?” हेडमाळ्याने विचारलं.

“प्लास्टिकला माळी कशाला लागतो? झाडणारा पुरे.” सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते, पण कटकट मिटवण्याची त्यांना फार घाई असायची. “तुमचं दोघांचं एकमत होईल असं काही दिसत नाही. अर्धं अर्धं वाटून घ्या. चार आठवडे देतो. ज्याची बाजू सुधारेल, त्याच्या पद्धतीने पुढचं सगळं. दोन्ही बाजू तशाच राहिल्या तर मी प्लास्टिकवाल्याला बोलावतो.”

त्या दिवसापासून हेडमाळ्याला दोन भीतींनी घेरलं. एक भीती लॉन जाण्याची. दुसरी भीती जावई बरोबर निघण्याची. कुणी खोदून विचारलं असतं तर त्याने पहिलीच मोठी म्हणून सांगितली असती, आणि ते खोटं झालं असतं. प्लास्टिक आलं असतं तर त्याला जगाला शिव्या देत मान ताठ ठेवता आली असती. जावई बरोबर निघाला तर मान कुठे ठेवायची, हे त्याला सुचत नव्हतं. या लॉनबद्दल जे काही माहीत असण्यासारखं आहे ते आपल्याला माहीत आहे, एवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती, आणि तिच्यावरच डिप्लोमाने हात टाकला होता.

मधोमध दोरी ताणली गेली. डावी बाजू सासऱ्याची, उजवी जावयाची. हेडमाळ्याने आपल्या बाजूला चाळलेली राख आणि चुना कालवून टाकला, डागांवर मुठीने जास्त टाकला, आणि संध्याकाळचं पाणी हट्टाने चालू ठेवलं, उलट थोडं वाढवलंच. जावयाने आपल्या बाजूचं पाणी पहाटेवर नेलं आणि तेही दोन दिवसांआड. दात्यांच्या फावड्याने त्याने सगळ्या मातीला भोकं पाडली, वाळकं गवत पंजाने ओढून पोत्यांत भरून बाहेर टाकलं, भोकांत वाळू आणि चाळलेलं खत भरलं. बुरशीनाशकाचा फवारा एकदाच मारला. गवत कापायच्या मशीनचं पातं तो प्रत्येक वेळी मागच्या मोरीवर नेऊन औषधाच्या पाण्याने धुवायचा. सभासदांसाठी त्याने एक पाटी लावून घेतली, की कृपया लॉनवर चालू नये. पाणी, युरिया, पातं, सगळ्याबद्दल तो सासऱ्याला तोंडावर बोलला होता. पायांबद्दल मात्र बोलला नाही. त्या पायांचा फोटो बबीने लग्नाआधीच त्याला दाखवला होता, आणि काही गोष्टींना हात लावायचा नसतो एवढी समज त्याला होती. शिवाय दोरी होती. सासरा आपल्या बाजूला चालतोय तर चालू दे, असं तो धरून चालला.

क्वार्टरमध्ये तर वेगळाच तमाशा. दोघं एका चटईवर जेवायला बसत आणि एकमेकांशी बोलत नसत.

“बबी, तुझ्या नवऱ्याला सांग, लॉन हे लॉन असतं, चाळण नसते. भोकं पाडून पाडून गाळायचंय काय त्याला?”

“बबी, मामांना सांग, चुन्याने माती कडक होईल.”

“बबी, त्याला सांग, माती कडक की मऊ हे मला पाय सांगतात, वही नाही सांगत.”

“मी काय टेलिफोन आहे का?” बबी वाढता वाढता म्हणायची. “दोन हातांवर बसलाय. तोंडं आहेत ना तुम्हाला?” पण ती कुणाचीच बाजू घ्यायची नाही. बापाचा हट्ट तिने लहानपणापासून पाहिला होता. नवऱ्याचा गप्पपणाही हट्टच आहे, हे तिला दीड वर्षात कळलं होतं. दोघांच्या मध्ये तिचं पार पीठ झालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूचे डाग थांबले. कडांनी बारीक हिरवे कोंब दिसायला लागले. डाव्या बाजूला मात्र डाग सत्तावीसवर गेले, आणि दोन डाग एकमेकांना मिळून जेवणाच्या ताटाएवढे झाले. हेडमाळी सगळ्यांना सांगत सुटला, की रोग असाच आधी वर येतो, बाहेर पडतो आणि मग जातो. पण संध्याकाळी उशिरा, व्हरांड्यातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्यावर, जावई मागच्या मोरीवर मशीन धूत असायचा तेव्हा, हेडमाळी आपल्या रेषा चालता चालता दोरीपाशी यायचा आणि एक पाय उचलून पलीकडे टाकायचा.

पहिल्या दिवशी तो नुसता बघायला गेला, असं त्याने स्वतःला सांगितलं. दहा पावलं टाकली आणि त्याच्या तळपायांनी त्याला जे सांगितलं ते त्याला ऐकायचं नव्हतं. पायाखालचं गवत घट्ट होतं. मातीत लवचीक जोर होता, ती पायाला परत ढकलत होती. त्याच्या स्वतःच्या बाजूला पाय ओल्या गादीवर पडल्यासारखा बुडत होता. पाय खोटं बोलत नाहीत, हे तोच सगळ्यांना सांगत आला होता. तो मुकाट्याने परत फिरला. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. रोज त्याच रेषेने, त्याच पावलांवर, टोकापर्यंत आणि परत. चांगलं लॉन पायाखाली घेतल्याशिवाय त्याला चैन पडेना, आणि चांगलं लॉन आता त्याच बाजूला उरलं होतं. ही गोष्ट त्याने कुणाजवळ काढली नाही. मनातल्या मनातही तो तिचा उच्चार करत नव्हता.

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला उजव्या बाजूला पुन्हा डाग पडले. छोटे छोटे, पण ताजे, आणि पहाटे प्रत्येकावर पांढरं जाळं.

हेडमाळ्याला आनंद झाला. लपवण्यासारखा नव्हता आणि त्याने लपवलाही नाही. “काय जावईबापू,” तो सगळ्यांसमोर म्हणाला, “कोळी परत आले वाटतं. वहीत लिहून घ्या.” चार दिवस तो तोऱ्यात हिंडला. दोन्ही बाजू बुडाल्या म्हणजे प्लास्टिक येणार, हे त्याला कळत नव्हतं थोडंच? पण डिप्लोमाही तोंडावर आपटला, या गोडीपुढे त्याला ते कडू लागत नव्हतं. माणूस एकदा असा इरेला पेटला, की स्वतःच्या घराला लागलेल्या आगीवरही हात शेकून घेतो.

ठरलेल्या सकाळी सेक्रेटरी आले. बरोबर कमिटीचे दोघं होते आणि प्लास्टिकवाला होता, हातात मोजपट्टी घेऊन, जणू निकाल त्याला आधीच माहीत होता. व्हरांड्यात पाचसहा सभासद जमले होते. बबी धुतलेल्या टॉवेलांचा गठ्ठा घेऊन कपडेखोलीच्या दारात उभी होती.

“दोन्हीकडे कीड आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “काढून टाकलेलं बरं.”

“साहेब, दहा मिनिटं द्या,” जावई म्हणाला. त्याने प्लास्टिकवाल्याच्या हातातली मोजपट्टी मागून घेतली आणि चुन्याच्या डब्यात हात घातला. उजव्या बाजूच्या प्रत्येक नव्या डागावर तो चिमूटभर चुना टाकत गेला. एक. त्यानंतर सव्वादोन फुटांवर दुसरा. पुन्हा सव्वादोन फुटांवर तिसरा. एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवे डाग सरळ होते, डावे बाहेरच्या अंगाला तिरके. चुना टाकून तो पायरीपाशी आला तेव्हा कुणी काही सांगायची गरजच उरली नव्हती. दोरीपासून लॉनच्या टोकापर्यंत एक माणूस चालत गेला होता आणि परत आला होता, आणि त्याचा डावा पाय बाहेरच्या अंगाला पडत होता.

हेडमाळ्याचा डावा पाय असाच बाहेरच्या अंगाला पडायचा. वीस वर्षांपूर्वी त्यावरून माती दाबायचा लोखंडी रूळ गेला होता, याच लॉनवर. हे क्लबातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. व्हरांड्यात कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं, आणि त्याने स्वतःही.

“ओल्या गवतात बुरशीचे धागे पायाला चिकटतात,” जावई सांगत होता. “रोगट जागेवरून चांगल्या जागेवर जातात. माझी पद्धत चुकली नाही साहेब. रोग बाहेरून आला. डाव्या बाजूचे डागही नीट बघितले तर अशाच ओळींत आहेत, पण तिथे आता इतके झालेत की ओळ दिसत नाही.”

हेडमाळ्याला एका क्षणात सगळं कळलं. जावयाच्या बाजूचंच नव्हे, पहिल्या अकरा डागांपासूनचं. रोज पाणी मारायचं, गवत भिजवायचं, आणि मग जिथे रोग आहे तिथे पाय ठेवून तो पुढच्या पावलाला नेऊन पोचवायचा. ज्या पायांचा फोटो छापला, त्याच पायांनी त्याने आपलं लॉन घास घास करून बुरशीला भरवलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

“म्हणजे तुम्ही दोरी ओलांडून यांच्या बाजूला जात होता?” सेक्रेटरींनी विचारलं. या वेळी ते खरोखर त्याच्या डोळ्यांकडे बघत होते.

तो काही बोलायच्या आत जावई पुढे झाला. “साहेब, मामांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या वेळी हे कुणी शिकवलंच नाही. मी सांगायला हवं होतं, मला धीर झाला नाही. त्यात माझीही चूक आहे. त्यांना माहीत असतं तर त्यांनी पाय ठेवला नसता.”

तो हे मनापासून बोलला. आवाजात तिरकसपणा नव्हता, जिंकल्याचा माज नव्हता. असता तर बरं झालं असतं. कमिटीच्या दोघांनी समजूतदारपणे माना हलवल्या. प्लास्टिकवाला म्हणाला, “जुन्या माणसांना कुठून माहीत असणार बिचाऱ्यांना.” त्या ‘बिचाऱ्यांना’ने हेडमाळ्याच्या अंगावर उकळतं पाणी ओतलं.

आता त्याने काय करायला हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मान खाली घालायची, चुकलं म्हणायचं. कुणीही त्याला घालवला नसता. पगार राहिला असता, क्वार्टर राहिलं असतं, मुखपृष्ठावरचे पायसुद्धा राहिले असते. फक्त एक गोष्ट गेली असती. उद्यापासून लॉनबद्दल त्याने तोंड उघडलं, की ऐकणारा मनात म्हणाला असता, याला तर आपल्या पायाखालचंही कळलं नाही.

“कोण म्हणतं मला माहीत नव्हतं?” हेडमाळी म्हणाला.

तो जावयाकडे वळला.

“बुरशीचे धागे ओल्यात पायाला चिकटतात, हे तुम्ही जन्मायच्या आधीपासून मला ठाऊक आहे, जावईबापू. म्हणून तर चाललो. आधी माझ्याकडच्या डागात पाय घासायचो, चांगले घोळवायचो, आणि मग तुमच्या बाजूला यायचो. रोज. मुद्दाम. एकतीस वर्षं गवतात घालवलेल्या माणसाला तुम्ही बुरशी शिकवता? बुरशी कशी पसरवायची ते माझ्याकडून शिका.”

“मामा, असं बोलू नका,” जावई हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “असं नाहीये हे.”

“तुम्ही मला खोटं ठरवू नका. एवढ्या ओळीत डाग पडायला अक्कल लागते.”

सेक्रेटरींनी छत्री काखेत मारली. मग विचारलं, “हे तुम्ही लिहून द्याल?”

“कागद आणा,” हेडमाळी म्हणाला.

त्याने सही केली, ठसठशीत केली. अडाणी ठरण्यापेक्षा लबाड ठरलेलं परवडलं, असा त्याचा हिशोब होता, आणि सही करेपर्यंत त्याला तो पक्का वाटत होता. प्लास्टिकवाल्याला परत पाठवण्यात आलं, कारण उजवी बाजू पद्धतीने सुधारली होती आणि दुष्टपणाने बिघडली होती, हे आता कागदावर आलं होतं. सगळं लॉन जावयाच्या हाती गेलं. क्वार्टरही त्याच्या नावावर होणार होतं. हेडमाळ्याने त्याच दिवशी निघावं, आणि यापुढे फाटकाच्या आत पाऊल टाकू नये, असं ठरलं. कमिटीतला एकजण पुटपुटला, की पोलिसांत द्यायला हवं, स्वतःच्या मुलीच्या नवऱ्याचं वाटोळं करायला निघालेला माणूस. हेडमाळ्याने ते ऐकलं. तो वळला तेव्हा कपडेखोलीच्या दारात कुणी नव्हतं. टॉवेलांचा गठ्ठा तेवढा उंबऱ्यावर होता.

दुपारी तो आतल्या खोलीत कपडे बांधत होता. धाकट्या भावाकडे जायचं त्याने मनाशी ठरवलं होतं, भावाला अजून कळवलं नव्हतं. बबी आली आणि दाराला टेकून उभी राहिली. रडून मोकळी झाली होती ती, आता डोळे कोरडे होते.

“बाबा, एकदाच विचारते. खरंच मुद्दाम?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सेक्रेटरी नव्हते, कागद नव्हता, ऐकून हसायला कुणी नव्हतं. नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो शब्द त्याच्या जिभेवर आलासुद्धा. पण बबी तो शब्द घेऊन सरळ पुढच्या खोलीत गेली असती, आणि तिथे डिप्लोमा बसला होता.

“हो,” तो म्हणाला. सदऱ्याची घडी जमत नव्हती. त्याने ती मोडून पुन्हा घातली.

बबीने मान हलवली, जणू हेच ऐकायची तिने तयारी केली होती.

“मी पाहिलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “मागच्या आठवड्यात. गच्चीवर वाळलेल्या चादरी काढायला गेले होते. तुम्ही दोरी ओलांडलीत. मीच त्यांना सांगितलं. मी म्हटलं, बाबा तुमचं वाईट करायला जातायत, सगळ्यांना सांगा. चार दिवस भांडतोय आम्ही यावरून. लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्यावर ओरडले. म्हणाले, तू मुलगी असून तुला बाप कळला नाही. मामा माझं वाईट करतील, पण लॉनचं कधी करणार नाहीत, ते त्यांना जमणारच नाही. आता तिकडे बसलेत. सहीचा कागद बघूनही म्हणतायत, की तुम्ही खोटं बोललात. माझं ऐकतच नाहीत. काय सांगू मी त्यांना?”

हेडमाळ्याचे हात थांबले. एकतीस वर्षांत सभासदांनी त्याचे पाय पाहिले, मुलीने त्याचा हट्ट पाहिला. आत काय आहे ते ओळखणारा एकच माणूस निघाला, आणि तो हाच निघावा याची त्याला जितकी चीड आली, तितकंच बरं वाटलं. त्याने गाठोड्याची गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

“सांग त्याला,” तो म्हणाला, “डिप्लोमा करून माणसं ओळखता येत नाहीत.”

बबी क्षणभर त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग ती तेच सांगायला पुढच्या खोलीत गेली.